मुजऱ्यातली कंबर

आमच्या आत्याबाई कशालाही टेकत नसत. भिंतीला नाही, खांबाला नाही, सोफ्याला तर मुळीच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवून उठलेली पाहुणेमंडळी मऊ खुर्च्यांत सैल कणकेसारखी पसरलेली असत आणि त्यांच्या मधोमध ही ऐंशीच्या घरातली बाई खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसलेली असे. मागचा अर्धा भाग रिकामा. कुणीतरी भल्या मनानं म्हणे, "आत्याबाई, मागे टेकून आरामात बसा की." त्यावर त्या त्याला खालून वर न्याहाळत आणि म्हणत, "मी आरामातच आहे. तू पडलायस." एवढं बोलून पुन्हा जिलबी खायला लागत. लोकांना त्यांच्या शेजारी बसायला आवडत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

माणसाचा चेहरा त्या नंतर बघत, पाठ आधी. मी देवासहून बसनं धारला पोचले की दारातच विचारत, "डावा पाय कुणाला देऊन आलीस?" कारण मी उभी राहते ती सगळा भार उजव्या पायावर टाकून. मला बघायला देवासची मंडळी आली होती तेव्हा घरातले सगळे मुलाची कंपनी आणि फ्लॅट यांतच गुंतले होते. मंडळी गेल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोरल्या बहिणीचं मत विचारलं. "मुलगा चांगला आहे," आत्याबाई म्हणाल्या. "फक्त मान वीतभर पुढे चालते. घरात आधी मान येईल, मग जावई." तो मुलगा आज माझा नवरा आहे. खरंच चांगला निघाला. मान अजूनही आधी येते.

आमचं घराणं मराठ्यांबरोबर धारला आलं, असं आमच्याकडे प्रत्येक समारंभात कुणीतरी सांगतंच. "दरबारात होतो," असं म्हणायचं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवायचा, अशी रीत आहे. दरबारात आम्ही कोण होतो? हुजरे होतो. मालकाच्या मागे उभं राहायचं, पंखा हलवायचा, जोडे उचलून ठेवायचे, आणि हे सगळं मान खाली घालून, खांदे आत ओढून करायचं. चाकरी गेली, संस्थान गेलं, पण उभं राहायची ती तऱ्हा घरातून हलली नाही. उलट तिलाच आम्ही अदब म्हणायला लागलो. मुलगा सरळ उभा राहिला तर "फार मोठा झालास वाटतं", आणि मुलगी सरळ चालली तर तिला काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे चांगली सून म्हणजे जिला जमिनीवरच्या फरशा तोंडपाठ आहेत ती.

दिवाणखान्यात एक जुना फोटो आहे. त्यात आमचे पूर्वज एका बाजूला उभे आहेत, छत डोक्याला लागेल अशा बेतानं. फोटो मोकळ्या मैदानात काढलेला आहे. आत्याबाई त्याच्यावरची धूळ पुसताना दर वेळी म्हणत, "राजे गेले, राजवट गेली. आमची कंबर अजून मुजऱ्यातच आहे." वाकण्याला त्यांचा विरोध होता असं मात्र नाही. देवाला, वडीलधाऱ्यांना त्या मनापासून नमस्कार करत, तोही पाठ न मोडता, मांडीच्या सांध्यातून वाकून. "नमस्काराला कुणाची ना नाही," त्या म्हणत. "पण नमस्कार करून झाला की सरळ व्हायचं असतं, हे तुमच्या आजोबांना कुणी सांगितलंच नाही."

एवढं ऐकून कुणाला वाटेल की बाई म्हणजे शिस्तीचा बडगा. एके काळी होत्याच. मुलींच्या शाळेत त्या ड्रिल शिकवत आणि मुली त्यांना सावधान बाई म्हणत. छाती पुढे, पोट आत, हनुवटी वर. आमच्या घराण्यातली पहिली ताठ बाई म्हणून त्या स्वतःवर बेहद्द खूश होत्या. मग एक दिवस त्यांचीच कंबर धरली ती सुटेना. पट्टे झाले, शेक झाले, पलंगाखाली फळ्या झाल्या. त्याच काळात त्यांची बदली धारकडच्या आदिवासी भागात, गंधवानीला झाली. तिथे शाळेच्या खिडकीतून त्या आठवडी हाटाला जाणाऱ्या बायका बघत बसत, कारण उभं राहून ड्रिल घेणं जमत नव्हतं. डोक्यावर गाठोडी, आणि चालणं तरी सैल. त्याचं काव्य त्यांनी कधी केलं नाही. "त्यांना काही सुख लागलेलं नव्हतं, ओझं होतं," त्या सांगत. "पण त्या ओझं हाडांवर घेत होत्या. मी रिकाम्या डोक्यानं चालत होते आणि सगळं कंबरेवर घेत होते."

पुढे इंदूरला एका शिक्षिकेकडे त्या नेमानं जाऊ लागल्या आणि बसणं, उठणं, चालणं, वाकणं पहिल्यापासून शिकल्या. पन्नाशीची बाई खुर्चीतून उठायला शिकायला बसनं इंदूरला जाते, यावर धारमधल्या आमच्या नातेवाइकांची दोन वर्षं करमणूक झाली. शिकून झाल्यावर आत्याबाईंनी पहिली खरडपट्टी स्वतःची काढली. "अर्धं आयुष्य मी पोरींची लाकडं केली," त्या म्हणत. "वाकून राहणं ही हुजऱ्याची सवय, ताठून राहणं ही शिपायाची. माणसाची कुठली, ते कुणी शिकवत नाही." त्या ताठ नव्हत्याच मुळी, हे मला फार उशिरा कळलं. त्या नुसत्या कशाला धरून नसत.

त्यांच्या तिटकाऱ्याचा मोठा भाग बाजारात मिळणाऱ्या आधारांसाठी राखीव होता. मानेचे पट्टे, चुंबकाच्या गाद्या, पाठीला मसाज करणाऱ्या खुर्च्या, मोबाइलवर 'सरळ बसा' म्हणून किणकिणणारी यंत्रं, आणि ती किणकिण ऐकायला मोबाइलवर वाकलेली माणसं. एकदा धारमध्ये ज्येष्ठांच्या बैठकीत एक विक्रेता कंबरपट्टे घेऊन आला. टेबलावर कोपर टेकून त्यानं तासभर भाषण दिलं. आत्याबाई उठल्या. "भिया, पहले तुम टेबल छोड़ के खड़े हो जाओ." तो बिचारा उभा राहिला. गुडघे मागे, पोट पुढे, एक कुल्ला बाहेर. "अब सच बताओ, कमर दुखती है कि नहीं?"

"दुखती तो है, माताजी," तो म्हणाला. "दिनभर खड़ा रहना पड़ता है."

"और पट्टा?"

"बांधता हूं."

सगळी बैठक हसली, आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाजूला नेऊन गुडघे सैल सोडून उभं राहायला दाखवलं. दादांनी मात्र त्याच्याकडून पट्टा घेतलाच, कारण हात जोडून मागणाऱ्याला नाही म्हणणं आमच्या अदबीत बसत नाही. तो पट्टा पुढे आत्याबाईंनी मागच्या अंगणातल्या जाईच्या वेलाला बांधला. "वेलाला हाडं नसतात," त्या म्हणाल्या. "त्याला लागतो आधार."

माझं लग्न झालं ते देवासच्या कारखान्यात नोकरीसाठी आलेल्या कुटुंबात. ही मंडळी दरबारातली नव्हेत, त्यामुळे वाकायला त्यांना मालक लागत नाही, कॉम्प्युटर पुरतो. मीही त्यातलीच. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर पडद्यासमोर बसते. माझ्याबद्दल आत्याबाईंचं मत असं होतं की मी कॉम्प्युटरवर काम करत नाही, त्याच्यात शिरायचा प्रयत्न करते. पण त्यांचा खरा जीव होता माझ्या मुलीवर, रेवावर. रेवा आठवीत एकदम उंच झाली. वर्गात तिला 'बिजली का खंबा' म्हणायला लागले. मग तिनं खांदे आत घेतले, मान खांद्यांत घातली, आणि फोटो काढताना गुडघे वाकवून उभी राहू लागली. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणायची. सासूबाईंचं म्हणणं, मुलीच्या जातीनं जरा दबून राहिलेलं बरंच. मी दिवसभर "ताठ बस, ताठ बस" करत असे.

आत्याबाई देवासला आल्या आणि पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. "ती ताठ बसते किती वेळ? तू बघतेस तेवढाच. मग दुप्पट मोडते." त्यांनी रेवाला दुपारी फरशीवर उताणं निजवलं. डोक्याखाली दोन जाड पुस्तकं, गुडघे वर, तळपाय जमिनीवर.

"आजी, यात करायचं काय असतं?" रेवानं विचारलं.

"काहीच नाही. तेच तुला येत नाही."

मग खुर्ची. खुर्चीवरून उठणं, खुर्चीवर बसणं. आत्याबाई तिच्या मानेमागे बोटं टेकवत, ढकलत नसत. "उठायच्या आधी थांब. बघ, उठायचं नुसतं मनात आलं की तुझी मान आखडते. पाय हलायच्या आधी मान. ती तेवढी नको आखडू. मग उठ."

"पण आजी, वो तो अपने आप होता है ना."

"अपने आप काही होत नाही, राणी. शिकलेलं असतं. शिकलेलं सोडता येतं."

मी स्वयंपाकघरातून हे ऐकत होते आणि मनात म्हणत होते, खुर्चीतून उठायला कसली आलीय शिकवणी. पण आत्याबाई दर महिन्याला येत राहिल्या आणि रेवाही, बहुधा आईचं तोंड गप्प झालं एवढ्याच आनंदात, ते करत राहिली. तिचं डोकं दुखणं कमी झालं. वर्षाच्या शेवटी शाळेच्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी होती, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, आणि गुडघे सरळ होते. सासूबाईंनी फोटो बघून म्हटलं, फारच उंच दिसते. मी तो फोटो फ्रेम करून त्यांच्याच खोलीत लावला.

मग गणपतीनंतरच्या एका सकाळी धारहून दादांच्या दूधवाल्याचा फोन आला. "दीदी, घबराना मत. बाबूजी आंगन में गिर गए थे. हड्डी-वड्डी ठीक है, पर अपने से उठ नहीं पाए." आई गेल्यापासून दादा एकटेच राहत होते, आत्याबाई धारमध्येच पण वेगळ्या घरात. पहाटे तुळशीला पाणी घालताना पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. भिंतीपलीकडे शेजारी जागे होते, त्यांच्या भांड्यांचा आवाज दादांना ऐकू येत होता. पण दादांनी हाक मारली नाही. का, तर सकाळी सकाळी कुणाला ओरडून बोलावणं बरं दिसत नाही. ही आमची अदब. थंडीनं माणूस काकडला तरी चालेल, आवाज चढता कामा नये.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी धार गाठलं. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचं सांगितलं, पायांतली ताकद कमी झालीय म्हणाले. मी तिथल्या तिथे ठरवलं, दादांना देवासला न्यायचं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, ओळखीचं कुणी नाही, बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. दादांनी नेहमीसारखी मान खाली घातली आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं." दोन दिवसांनी मी परत गेले तेव्हा तुळशीची कुंडी जागेवर नव्हती. त्यांनी ती शेजारी देऊन टाकली होती. त्या रिकाम्या गोल डागाकडे मला बघवेना, पण मी निर्णय बदलला नाही.

आत्याबाई आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. "पडला म्हणून नेतेस, की उठला नाही म्हणून?"

"आत्याबाई, दोन्ही एकच."

"एक नाही. पडतं तर सगळं जग. उठला असता तर तुला कळलंसुद्धा नसतं."

"आणि परत पडले तर?"

"तर उठेल. मी शिकवते."

"पंचाहत्तरीच्या माणसाला?"

"वर्षाच्या पोराला येतं. त्याला तर समजावून सांगायला भाषापण येत नाही."

मी तोडून बोलले. म्हणाले, तुमच्या खुर्चीच्या शिकवण्या रेवापुरत्या ठीक आहेत, हा माझ्या बापाच्या जिवाचा प्रश्न आहे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझ्यासमोर दादा जमिनीवर आडवे होतील आणि कुणाचा हात न धरता उठतील. जमलं नाही तर त्यांची बॅग आत्याबाई स्वतः भरून देतील. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांभाळून करा, काही हरकत नाही. मी कबूल केलं, मनातून मात्र दादांसाठी देवासमधली खोली रिकामी करायला घेतली.

शनिवार-रविवार मी धारला जायचे. पहिले काही आठवडे दादा शिकत काहीच नव्हते, नुसते लाजत होते. जमिनीवरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग हातगुडघ्यांवर यायचं. म्हणजे रांगायचं. "जावयासमोर रांगू?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. माझ्या नवऱ्याला पोहे आणायला बाजारात पिटाळलं. मग दुसरी अडचण निघाली. थोरल्या बहिणीसमोर आडवं कसं पडायचं? "तू पहिल्यांदा रांगलास तेव्हा समोर मीच बसले होते, बाबू," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा नाही लाजलास." आमचे एक चुलते आहेत, काकासाहेब. त्यांनी स्वतःसाठी बटण दाबलं की माणसाला उठवून उभं करणारी खुर्ची आणली आहे. ते येऊन सांगून गेले की या वयात असले चाळे घराण्याला शोभत नाहीत. घराण्याला काय शोभतं ते खुर्चीचं बटण ठरवणार होतं.

सगळ्यात अवघड होती ती नजर. दादा चालत ते पायाच्या अंगठ्याकडे बघत, मान पुढे, पाठीला पोक, आणि मग तोल पुढेच जाणार. "जमीन कुठे जात नाही," आत्याबाई म्हणत. "तिच्यावर पहारा कशाला ठेवतोस? समोर बघ." दादा क्षणभर बघत आणि पुन्हा मान खाली. एकदा त्या जरा चिडल्या. तेव्हा दादा अंगणात उभ्या उभ्या हळूच म्हणाले, "अक्का, समोर बघून चालायची आपल्याकडे पद्धत नाही ना."

आत्याबाई जवळ गेल्या, दादांच्या मानेमागे हात ठेवला आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे. तेच तर सोडायचंय." त्या दिवसापासून दादा खरोखर शिकायला लागले, असं मला वाटतं. निदान लाजणं थांबलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दादा रांगोळीच्या बाजूला सतरंजीवर आडवे झाले. माझा नवरा होता, रेवा होती, आणि काकासाहेब मजा बघायला मुद्दाम आले होते. आत्याबाई पाटावर बसून मटार सोलत होत्या, दादांकडे बघतही नव्हत्या. दादांनी एकदम उठायचा जोर केला. मान ताठली, चेहरा लाल झाला, कोपर सटकलं आणि ते परत खाली आले. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे," आत्याबाई वर न बघता म्हणाल्या. "बाबू, घाई कुणाची आहे? हाक आली की हुजरा धावतो. तुला कुणी हाक मारलेली नाही."

दादा पडून राहिले. छाती खालीवर होत होती ती हळूहळू संथ झाली. मग ते कुशीवर वळले. हात टेकले. हातगुडघ्यांवर आले, जावयासमोर, काकासाहेबांसमोर. एक पाऊल पुढे घेतलं, थांबले, आणि डोकं वर नेत उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ. दादांचे डोळे इतके घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. जन्मभर ते खालीच असत. मला हुंदका आला, आणि काकासाहेब म्हणाले, चला, फराळाचं काय ते बघा. दादा चपला घालून शेजारी गेले आणि तुळशीची कुंडी परत मागून आणली. देऊन टाकलेली वस्तू परत मागायची हेही आमच्या अदबीत बसत नाही.

दादा धारलाच राहिले. त्यानंतर ते एकदा पडले, असं मला दूधवाल्याकडून कळलं, तेही महिन्यानंतर. उठले होते, म्हणून सांगायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी आत्याबाईंचं पोटाचं दुखणं निघालं आणि फार वेळ लागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. उपचारांसाठी त्यांना देवासला, आमच्याच फ्लॅटमध्ये आणलं. दादांसाठी जी खोली मी रिकामी केली होती तीच त्यांना मिळाली. मी भाड्यानं दवाखान्यासारखा पलंग आणला, दांडा फिरवला की पाठ उचलणारा. त्यांनी तो एकदा फिरवून घेतला आणि म्हणाल्या, "हा मला बसवतो. मी आजवर स्वतः बसत होते." मी दांडा काढून ठेवला. त्यांना बसवत नसे तेव्हा त्या आडव्याच राहत, डोक्याखाली रेवाची दोन पुस्तकं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी बसायचं म्हटलं. मी उशा गोळा करू लागले, तर नको म्हणाल्या. रेवा पलंगावर चढून त्यांच्या मागे बसली, पाठीला पाठ लावून. आत्याबाई आधी सवयीनं पुढेच राहिल्या. मग हळूहळू, अगदी हळूहळू, मागे आल्या आणि त्यांनी सगळा भार रेवावर सोडला. मी उशा घेऊन दारात उभी होते. त्या म्हणाल्या, "हिची पाठ चांगली झालीये. हिला टेकायला हरकत नाही." रेवा चहाची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली. तिनं मला नंतर सांगितलं की आजीला काहीच वजन नव्हतं.

त्या गेल्यावर त्यांना धारला नेलं, दादांच्या घरी. अंगणात सगळे नातेवाईक जमले होते, घराण्याच्या तऱ्हेनं, मान खाली, खांदे आत. इतकी वाकलेली माणसं एकत्र बघून आत्याबाई काय म्हणाल्या असत्या ते मला ऐकू येत होतं. उचलायची वेळ झाली तेव्हा दादा पुढे आले. ते खाली बसले, थोरल्या बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. "धरा रे, धरा त्यांना," काकासाहेब म्हणाले, आणि चारपाच हात पुढे आले.

"हात नको," दादा म्हणाले. आवाज चढलेला होता. "मला येतं."

हात मागे झाले. दादांनी घाई केली नाही. फरशीवर तळवे टेकून सगळ्या घराण्यासमोर हातगुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे घेतलं, थांबले आणि उभे राहिले. रेवा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनंही त्यांना धरलं नाही. आत्याबाईंना दाराबाहेर नेत होते आणि दादा समोर बघत होते, डोळे वाहत असताना.

"अहो, मान तरी खाली घाला," काकासाहेब कुजबुजले. "लोक काय म्हणतील?"

दादांनी मान खाली घातली नाही. नमस्कार करून झाला होता.